पॅसेजमधला वळसा

१

बिल्डिंगमधले लोक तिला चष्मेवाली म्हणायचे. तिच्या डोळ्यांना चष्मा नव्हताच. तो असायचा खांद्यावरच्या काळ्या पेटीत. चांगला जाडजूड, डोक्यामागे पट्ट्याने आवळायचा. तो घातला की माणसाला आपलंच घर दिसायचं, पण दुरुस्तीनंतरचं. भिंतींना आतून जाड अस्तर, खिडक्यांना दुहेरी काच, वारा यायच्या सगळ्या फटी बुजवलेल्या. लोकांना या अजून न झालेल्या घरात फिरवून आणायचं आणि विचारायचं, काय, चालेल का, कुठे काही अडतंय का, हे तिचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण आपलं घर बदलायचं म्हटलं की भली भली माणसं लहान मुलांसारखी हटून बसतात, आणि त्यांची समजूत घालता घालता तिच्या नाकी नऊ यायचे.

कंपनीचा नियम पक्का होता. राहणाऱ्याला विचारल्याशिवाय भिंतीला खिळासुद्धा ठोकायचा नाही. दर घरातून एकाने चष्मा घालून फिरायचं आणि मगच सही करायची. एक सही जरी राहिली तरी अख्खी बिल्डिंग दुरुस्तीच्या यादीतून बाद.

या वेळची बिल्डिंग तिची स्वतःचीच होती. तळाला एक रिकामा गाळा, त्यावर सहा मजले, मजल्यावर एकच घर. सगळी घरं एकावर एक, एकसारखी: हॉल, मग लांबट पॅसेज, पॅसेजला लागून स्वयंपाकघर आणि शेवटी आतली खोली. तिसऱ्या मजल्यावर ती आणि तिची आई. आतल्या खोलीत आईचा पलंग होता, एका अंगाने बाहेरच्या भिंतीला चिकटलेला. थंडीत बाहेर बर्फ साचला की ती भिंत अशी गार पडायची की हात टेकला तर चटकन मागे घ्यावा. गेल्या थंडीत आईची छाती दोनदा भरली. दुसऱ्यांदा घरी सोडताना डॉक्टरीणबाई स्पष्टच बोलल्या, "औषधं मी देईन हो, पण त्या घरात पुढची थंडी यांना झेपायची नाही."

दुसरं घर कुठून आणायचं? हॉलमध्ये निजवावं तर दाराखालून असा वारा यायचा, की दिवाणावर झोपणाऱ्या चष्मेवालीचेच पाय लाकडासारखे व्हायचे. म्हणून ती सहा महिने ऑफिसात इंजिनिअरच्या मागे हात धुऊन लागली होती. शेवटी तो वैतागून म्हणाला, "घे बाई, घातली तुझी बिल्डिंग यादीत. पण सहाच्या सहा सह्या थंडीच्या आत आण."

"आणते की," ती म्हणाली. शेजारीपाजारीच तर आहेत, आठवड्याभराचं काम, असं तिला वाटलं होतं.

२

चालायची सोय तळाच्या गाळ्यात केली होती. चार भिंती, सपाट फरशी, बाकी काही म्हणजे काही नाही. चष्मा घातला की तिथेच पावलाला पाऊल जुळेल असं घर उभं राहायचं. बाहेरून बघणाऱ्याला मात्र रिकाम्या गाळ्यात एक माणूस चाचपडत फिरताना दिसायचा.

पहिले आले सहाव्या मजल्यावरचे शिंपीकाका. पट्टा आवळताना म्हणाले, "काय गं, मी घोड्यासारखा दिसतोय का?"

"घोडा मान जरा खाली घालतो, काका. घाला बघू."

काका हसत हसत घरात शिरले. शिरता शिरता त्यांचा उजवा हात आपसूक वर गेला आणि हवेतलं दिव्याचं बटण दाबून खाली आला. चष्मेवालीला या कामात सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर हेच. घर माणसाच्या अंगात किती मुरलेलं असतं! डोळे बांधले तरी हात आपली बटणं शोधतात, पाय आपले उंबरे ओलांडतात. कधीकधी तिला वाटायचं, की आपण घरात राहतो हे अर्धंच खरं, घरही आपल्यात राहतं.

काका हॉल ओलांडून पॅसेजमध्ये आले. चार पावलं सरळ चालले, मग डावा खांदा पुढे काढून दोन पावलं तिरके सरकले आणि पुन्हा सरळ झाले.

"काका, पॅसेजमध्ये काही ठेवलंय का तुम्ही? शिलाई मशीन वगैरे?"

"छे. मशीन हॉलच्या कोपऱ्यात असतं. का गं?"

"तिरके झालात ना मघाशी."

"मी? काहीतरीच काय! नाकासमोर आलो."

तिने सोडून दिलं. दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई आल्या. त्याही पॅसेजमध्ये तिथेच तिरक्या झाल्या, आणि होता होता हलक्या आवाजात म्हणाल्या, "जरा हं." गर्दीत कुणाला वाट मागताना म्हणतो तसं.

"कुणाला म्हणालात, बाई?"

"काय म्हणाले मी?" त्यांनी चष्मा वर केला. तिने सांगितल्यावर त्यांना हसू फुटलं. "अगं, एकटं राहिलं की माणूस भिंतींशीही बोलतं. तू वेळेवर लग्न कर, नाहीतर तुझीही हीच गत व्हायची."

३

चष्मा घातलेला माणूस जिथून चालतो तिथे कॉम्प्युटरवर रंगीत रेघ उमटते. त्यावरून लोक कुठून ये-जा करतात ते कळतं आणि यंत्रं पायात येणार नाहीत अशी बसवता येतात. शनिवारी सकाळी तिने सहाही घरांच्या रेघा एकमेकींवर ठेवून पाहिल्या. हॉलमध्ये नुसता गुंता होता, स्वयंपाकघरात ज्याची त्याची तऱ्हा. पॅसेजमध्ये मात्र सहाही रेघा एकत्र आल्या, स्वयंपाकघराच्या दाराअलीकडे डावीकडे वळल्या, वळसा घालून पुन्हा सरळ झाल्या. उजव्या भिंतीपाशी एक जागा मोकळी राहिली होती. भिंतीला टेकून एखादं माणूस उभं राहील एवढी.

सहांतली एक रेघ तिची स्वतःची होती.

चष्म्यात दोष असेल म्हणून तिने दुसरा चष्मा आणून पुन्हा फिरून पाहिलं, तेच. मग गवंड्यांची पाणसळ घेऊन ती घरच्या पॅसेजमध्ये उकिडवी बसली. फरशी एका बाजूला उतरत असेल तर पाय आपोआप वळतात. पण बुडबुडा बरोबर मधोमध थांबला. आणि मग तिच्या लक्षात आलं, की लोक इथे चाललेच नव्हते, गाळ्यात चालले होते. ती स्वतःशीच हसली. एवढी शहाणी बाई, आणि फरशी मोजत बसली होती.

सवय असेल, तिने ठरवलं. पूर्वी कधी सगळ्या पॅसेजमध्ये मीटरची पेटी वगैरे असेल, पायांना वळण लागलं असेल. पण पहिल्या मजल्यावरचा ड्रायव्हर तर गेल्या वर्षी राहायला आला. त्याचीही रेघ वळली होती.

उठताना तिची नजर भिंतीवर गेली. डाव्या भिंतीवर खांद्याच्या उंचीला रंग घासून गुळगुळीत झाला होता, हातभर लांबीचा पट्टा. उजव्या भिंतीचा रंग अजून कोरा. घराचे फोटो काढताना कॅमेरा विसरल्याचं निमित्त काढून ती सहाव्या मजल्यावर जाऊन आली. तिथेही तसाच पट्टा होता.

जिना उतरताना तिला लहानपण आठवलं. पॅसेजमधून धावत सुटली की स्वयंपाकघरातून आई ओरडायची, "हळू, धडकशील!" कशाला धडकशील? पॅसेज तर कायम रिकामा असायचा. पण आई ओरडली की ती पाय आवरायची, आणि कधी म्हणजे कधीच धडकली नव्हती.

४

घराच्या सगळ्या फटी बुजवल्या की आतली हवा कोंडते. म्हणून एक यंत्र बसवावं लागतं: बाहेरची ताजी हवा आत घ्यायची, आतली बाहेर सोडायची, ऊब मात्र जाऊ द्यायची नाही. आकार माणूसभर उंच कपाटाएवढा, म्हणून सगळे त्याला हवेचं कपाट म्हणायचे. ते कुठे ठेवायचं हे कॉम्प्युटर रेघा बघून ठरवतो. जिथे कुणी चालत नाही ती जागा तो उचलतो.

त्याने क्षणात उचलली. पॅसेज, उजवी भिंत.

"वा!" इंजिनिअर फोनवर खूश. "एवढी सोयीची जागा मला आजवर कुठल्या बिल्डिंगमध्ये मिळाली नाही. जशी काही आपल्यासाठीच मोकळी ठेवली होती."

काहीतरी बोलायला हवं असं तिला वाटलं. पण काय बोलणार? लोक तिरके चालतात म्हणून कपाट नको? तिने सहाही जणांना पुन्हा गाळ्यात फिरवलं, या वेळी कपाटासकट. सगळे पसंत म्हणाले. "तिथून जातंय कोण," मास्तरीणबाईंनी मान डोलावली.

सगळ्यांचं आटोपून ती दुपारी घरी आली. पर्स दिवाणावर टाकली, पाणी प्यायला स्वयंपाकघराकडे निघाली आणि दारातच थबकली. ती सरळ आली होती. दोन्ही हात हलवत, ऐसपैस, पॅसेजच्या मधून. खांदा कशाला घासला नव्हता. कपाट होतं ते चष्म्यात. घरात कुणी खिळाही ठोकला नव्हता. तरी पॅसेज भाडेकरू सोडून गेलेल्या खोलीसारखा लागत होता.

तिने तिथेच, उभ्या उभ्या, नव्या रेघा उघडल्या. पॅसेजमध्ये सहाही रेघा सरळ होत्या. वळसा आतल्या खोलीत होता. पलंगाच्या मोकळ्या अंगाला, अगदी उशाजवळ.

राहणाऱ्याला विचारल्याशिवाय काही करायचं नाही. नियम तिला तोंडपाठ होता. तिने विचारलं होतं. एकदा नाही, सहा घरं, सहा वेळा दाखवून विचारलं होतं.

५

दोन दिवसांत आईचा खोकला वाढला.

"आई, त्या भिंतीला का चिकटून झोपतेस? गार आहे ना ती!"

"अगं, अलीकडे जागा कुठाय?" आई म्हणाली.

अर्धा पलंग रिकामा होता. चष्मेवालीने तिला उचलून मधोमध निजवलं, भिंतीच्या बाजूला उशा रचल्या. अर्ध्या तासाने येऊन पाहते तर उशा पायाशी, आणि आईची पाठ पुन्हा भिंतीला. तिघांच्या बाकावर चौथा येऊन बसला की आपण अंग चोरतो, तशी ती झोपेत अंग चोरून पडली होती. ओठ निळसर झाले होते. खोकल्याची उबळ आली की सगळं अंग हलायचं, पण या बाजूला बोटभर सरकायचं नाही. हॉलमध्ये आणून निजवलं, तर दाराखालच्या वाऱ्याने ताप चढला आणि परत आत न्यावं लागलं.

औषधाचा पेला घेऊन जाताना आपण पायथ्याकडून लांबून फिरून आलो, हे तिला पेला आईच्या हातात दिल्यावर कळलं.

तिला भीती वाटली, नाही कशाला म्हणायचं. पण भीतीपेक्षा जास्त राग आला. एवढं मोठं घर सोडून माझ्या आईच्याच उशाशी? दुसरी जागा मिळाली नाही?

तिने इंजिनिअरला फोन करून पॅसेजमधलं कपाट काढायला लावलं. लोकांना अडतंय म्हणाली. जुना, मोकळा पॅसेज दाखवत सगळ्यांना तिसऱ्यांदा फिरवलं. वळसा पॅसेजमध्ये परत आला नाही. उशाशीच राहिला. बसल्या जागेवरून उठवलेल्या माणसाला पुन्हा तिथेच बस म्हटलं तर तो बसत नाही, एवढंच तिला सुचलं.

६

रविवारी सकाळपासून ती दिवाणावर मांडीवर कॉम्प्युटर घेऊन बसली होती. राग हळूहळू उतरला होता. किती वर्षं ते पॅसेजमध्ये उभं होतं कोण जाणे. कुणाला धक्का लावला नाही, कुणाला अडवलं नाही. लोक जरा तिरके व्हायचे आणि पुढे जायचे. दोन्हीकडून सांभाळून घेतल्यासारखं चाललं होतं. उठवलं आपण. ज्याला उठवलं त्याला कुठेतरी जागा द्यायला हवी, यात तिला तरी काही चूक दिसेना. आईच्या उशाशी नको, बाकी कुठेही.

तिने हवेचं कपाट आतल्या खोलीत, पलंगाच्या मोकळ्या अंगाला, उशाशी आणलं. तिथून बाहेरची भिंत जवळ, नळी आखूड लागेल; इंजिनिअर कुरकुरला असता पण मान्य केलं असतं. मग पॅसेजच्या उजव्या भिंतीला फडताळं काढली. स्वयंपाकघरात ओटा वाढवला. असं करत करत सगळं घर तिने भरत आणलं. उरला हॉलचा कोपरा. शिंपीकाकांकडे तिथे मशीन होतं, मास्तरीणबाईंकडे पुस्तकांची चळत, ड्रायव्हरकडे चपलांचं कपाट. सहा घरांत एकाच घरात त्या कोपऱ्यात माणूस झोपत होतं. त्या कोपऱ्यात दिवाण होता आणि दिवाणावर ती बसली होती.

तिचं बोट बराच वेळ तसंच राहिलं. दिवाण तिकडून हलवावा, तर हॉलमध्ये दुसरी जागा नव्हती. आतून खोकला ऐकू आला, मग खोकल्यानंतरचा तो लांब, शिट्टीसारखा श्वास. तिने नकाशावर तो कोपरा मोकळा करून टाकला.

"पोरी, किती वेळा फिरवशील?" दुसऱ्या दिवशी शिंपीकाका कावले. "या वयात रोज नवं घर!"

"शेवटचं, काका. मग सही करा, परत त्रास देणार नाही."

काका फिरले. हॉलच्या कोपऱ्याजवळून जाताना त्यांचा खांदा किंचित वळला. इतका किंचित, की मुद्दाम बघणाऱ्यालाच कळावा. मास्तरीणबाईंचाही वळला. पाच सह्या झाल्या.

सहावी तिची. गाळ्याचं दार लोटून तिने चष्मा घातला आणि कोपऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. चष्म्यात स्वच्छ, कोरा कोपरा होता. भिंतीला नवं अस्तर, खिडकीला दुहेरी काच, फरशीवर खिडकीतून पडलेलं ऊन. ती कामात सगळ्यांना विचारायची त्याच आवाजात तिने विचारलं,

"चालेल का? कुठे काही अडतंय का?"

लोकांना उत्तर सुचायला वेळ लागतो, म्हणून थांबायची तिला सवय होती. ती थांबली. बाहेर कुणीतरी दुकानाचं शटर वर केलं. मग तिने चष्मा काढला आणि सही केली.

त्या दिवशी आई पलंगाच्या मधोमध, हातपाय पसरून झोपली.

७

थंडी पडायच्या आत काम पुरं झालं. इंजिनिअरने ऑफिसात तिचं कौतुक केलं, सहाच्या सहा सह्या आणि एकही तक्रार नाही. घरात वारा यायचा थांबला. बाहेर बर्फ पडला तरी आत आई स्वेटरशिवाय फिरायची. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली, भुवया उंचावल्या आणि म्हणाल्या, "काय केलंत काय घराला?"

"विचारून विचारून केलं," चष्मेवाली म्हणाली.

एका दुपारी डोकं दुखतं म्हणून ती ऑफिसातून लवकर आली आणि दिवाणावर आडवी झाली. भिंतीकडे तोंड करून, अगदी कडेला. हल्ली ती अशीच झोपायची. भिंत आता उबदार होती, त्यामुळे गार लागतं अशी तक्रार करायची सोय नव्हती. तेवढ्या जागेत कूस मात्र बदलता येत नसे.

पॅसेजमधून आईची पावलं आली. सरळ, ठणठणीत, मधे दम घ्यायला न थांबणारी. या पावलांसाठीच सगळं केलं होतं, आणि ती ऐकून तिला खरंच बरं वाटलं.

"झोपलीस का गं? पांघरूण तरी घ्यायचंस."

आई मोठ्या पलंगाचं रुंद पांघरूण घेऊन आली होती.

"हे कशाला, आई? माझं लहान आहे ना तिथे."

"असू दे. पुरायला नको का?"

तिने मान जराशी वळवून खांद्यावरून पाहिलं. आईने पांघरूण झटकून दिवाणभर पसरलं आणि लहानपणी करायची तशी हाताने सारखं करायला लागली. हात तिच्या खांद्यावरून आला, कमरेवरून उतरला, मधल्या गादीवर टेकला. मग तो पुन्हा वर चढला. तिच्या खांद्याएवढा वर. जिथे कुणीच नव्हतं तिथून सावकाश, गोलाई धरून पुढे गेला, त्याने दोनदा थोपटलं आणि तो दिवाणाच्या मोकळ्या कडेला खाली उतरला. आईचं लक्षही नव्हतं. ती खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत होती.

"पड हो आता," ती म्हणाली आणि दिवाणाला वळसा घालून आत गेली. स्वयंपाकघरात भांडं वाजलं, नळ सुरू झाला. आई गुणगुणत होती. एकदाही खोकली नाही.

चष्मेवालीने डोळे मिटले आणि भिंतीकडे आणखी जरा सरकली.